आधी नदीकाठ, मग प्लॉट: शिकागोजवळच्या रिव्हरसाइडचं प्रकरण

ऑगस्ट १८६८ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा अमेरिकन बागरचनाकार शिकागोच्या पश्चिमेकडची एक जमीन पाहून आला आणि त्याने बायकोला पत्र लिहिलं. पत्रात कौतुक थोडं, पाहणी जास्त. शिकागो अगदी सपाट जमिनीवर वसलंय. डोळ्यांना जरा तरी बरं वाटेल असं सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे नऊएक मैलांवरची डेस प्लेन्स नदी. पात्र दोनशे फूट रुंद, पाणी संथ आणि स्वच्छ, खोली दोन-तीन फूट, तळाला चुनखडीचा दगड. नदी म्हणून फार देखणी नाही. काठ ओबडधोबड, पण काठावरची झाडं बऱ्यापैकी: काही छान एल्म, बाकी बहुतेक खुरटे ओक. एकूण जमीन १,६०० एकर. त्यातली थोडी झाडीची, उरलेली सपाट, कसदार माळजमीन. आणि याच पत्रात, कागदावर रेघ ओढायच्याही आधी, त्याचं ठरलेलं दिसतं: झाडी आणि नदीकाठ मुख्यतः सार्वजनिक ठेवायचा, काठाने रस्ता आणि पायवाट न्यायची, उघड्या माळावर झाडांची तुरळक बेटं आहेत ती छोट्या बागांमध्ये सामावून घ्यायची.

ज्या कंपनीने त्याला बोलावलं होतं तिला प्लॉट विकायचे होते. त्याने आधी ठरवलं ते काय विकायचं नाही ते. रिव्हरसाइडच्या प्रकरणातली माझ्या मते हीच मुख्य गोष्ट आहे. नगररचना शिकताना आम्हाला दाखवला गेला तो या गावाचा नकाशा, आणि नकाशात नजर जाते ती वळणावळणाच्या रस्त्यांवर. पुढच्या दीडशे वर्षांत जगभरच्या विकासकांनी उचलली तीही वळणंच. वळणदार रस्ता काढायला एक चांगला ड्राफ्ट्समन पुरतो. नदीला लागून असलेली, सगळ्यात जास्त भाव येणारी जमीन विक्रीतून बाजूला काढायची तर मालकाशी भांडावं लागतं. ओल्मस्टेड आणि त्याचा भागीदार कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांना ते भांडावं लागलं, आणि त्यात त्यांना काम सोडावं लागलं. तरीही काठ मोकळा राहिला. तो कसा राहिला, हे इथे जरा सविस्तर मांडतो.

चौकटीतलं शहर

१७८५ च्या कायद्याने अमेरिकेने पश्चिमेकडच्या सरकारी जमिनी एक मैल बाय एक मैलाच्या चौकोनांत मोजायला घेतल्या. एक चौकोन ६४० एकरांचा. वाटेत टेकडी येवो की ओढा, मोजणीची रेघ सरळ पुढे जायची. शिकागोचा पहिला नकाशा १८३० मध्ये जेम्स थॉम्प्सन नावाच्या मोजणीदाराने काढला, तोही सरळ रेघा आणि काटकोनांचाच. चौकोनी तुकडा मोजायला सोपा, नोंदवायला सोपा आणि जागेवर न जाता विकत घ्यायलाही सोपा. सट्ट्याला याहून सोयीची आकृती नाही. शहरातला नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद आणि १२५ फूट खोल असायचा. म्हणजे तीन गुंठ्यांपेक्षाही कमी.

शहर वाढत होतं ते अफाट वेगाने. १८६० मध्ये लोकसंख्या १ लाख १२ हजार होती, १८७० मध्ये ती ३ लाखांच्या घरात गेली. पण जमीन मिशिगन तलावाच्या पातळीपेक्षा जेमतेम वर. पाणी मुरायला जागा नाही, वाहायला उतार नाही. चिखलाचा इतका त्रास की १८५० च्या दशकात भुयारी गटारं जवळपास जमिनीवरच टाकायची आणि वर भराव घालून रस्ते उंच करायचे असं ठरलं. मग जुन्या इमारती रस्त्याच्या खाली पडल्या, म्हणून त्या स्क्रूजॅकवर उचलून वर घेतल्या गेल्या. १८५४ मध्ये कॉलऱ्याने शहर हादरलं होतं, १८६६ मध्ये तो परत आला. अशा शहरात ज्याला परवडतं त्याला बाहेर राहायला जावंसं वाटणं साहजिकच होतं.

बाहेर जायची सोय झाली १८६४ मध्ये. शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी रेल्वेची लाइन डेस प्लेन्स नदी ओलांडून पश्चिमेकडे गेली. तिथेच नदीच्या वळणावर डेव्हिड गेज या शिकागोतल्या हॉटेलमालकाची मोठी शेतजमीन होती. १८६८ मध्ये एमरी चाइल्ड्सच्या पुढाकाराने काही गुंतवणूकदार एकत्र आले, रिव्हरसाइड इम्प्रूव्हमेंट कंपनी निघाली, आणि गेजच्या जमिनीसह १,६०० एकर तिच्या ताब्यात आले. मैलाच्या चौकोनात सांगायचं तर अडीच चौकोन. सरळ रेघा मारून विकायला घेतले असते तर आराखडा एका आठवड्यात तयार झाला असता.

कंपनीने तसं केलं नाही याचं श्रेय चाइल्ड्सला द्यायला हवं, पुढे त्याने काहीही केलं असलं तरी. त्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार बोलावले. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८५८ मध्ये त्या पार्कची स्पर्धा जिंकली होती, आणि १८६८ मध्ये ते ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कच्या कामात गुंतलेले होते. बागा करणाऱ्यांना गाव वसवायला सांगणं हा त्या काळी नवा विचार होता. अगदी पहिला म्हणता येणार नाही. न्यू जर्सीत लेव्हेलिन हॅस्केलने १८५० च्या दशकात लेव्हेलिन पार्क वसवलं होतं. डोंगरउतारावरची वस्ती, वळणदार रस्ते आणि मधोमध सुमारे ५० एकरांचं सामायिक रान. फक्त त्या वस्तीला वेस होती, वेशीवर पहारेकऱ्याचं घर होतं, आणि आतलं रान आतल्यांचंच होतं. रिव्हरसाइडला वेस नाही. हा फरक मला वळणांपेक्षा मोठा वाटतो.

चिखलापासून सुरुवात

१ सप्टेंबर १८६८ ला दोघांनी कंपनीला प्राथमिक अहवाल दिला. पाहणीनंतर अवघ्या काही दिवसांत. निसर्गावर प्रेम करणाऱ्या माणसांचा अहवाल म्हणून कुणी वाचायला घेतला तर थोडं चकित व्हायला होतं, कारण त्यात भर आहे तो रस्ते कोरडे कसे राहतील यावर. त्यांचा मुद्दा असा: शहरातली माणसं मोकळ्या हवेसाठी गावाकडे जातात आणि मग वर्षातले कितीतरी महिने चिखलामुळे घरातच अडकून पडतात. घराबाहेर पाऊल टाकता येत नसेल तर नदी, झाडी, शेजार यांचा उपयोग काय? तेव्हा उपनगराला पहिल्यांदा हवा चांगला रस्ता आणि चांगली पायवाट. बाकी सगळं त्यानंतर.

हा रस्ता जवळून पाहण्यासारखा आहे. आपण रस्ता भराव घालून उंच करतो आणि पाणी शेजारच्या घरांकडे ढकलतो. दर उन्हाळ्यात डांबराचा आणखी एक थर चढतो आणि जुन्या वाड्याचा उंबरा रस्त्याच्या खाली जातो. रिव्हरसाइडमध्ये उलट केलं. रस्ता लगतच्या प्लॉटपेक्षा थोडा खाली बसवला. खाली पक्का थर, वर खडी दाबलेली, मध्ये हलका फुगवटा, दोन्ही कडांना गोट्यांनी बांधलेली उथळ गटारं. पाणी दोन्ही बाजूंनी रस्त्याकडे येतं, गटाराने निघून जातं आणि चाकं कोरड्यावर राहतात. याचा आणखी एक परिणाम होतो. घराच्या खिडकीतून पाहिलं की हिरवळ सरळ समोरच्या घराच्या हिरवळीला जाऊन मिळते आणि मधला रस्ता दिसेनासा होतो. बग्ग्या जाताना ऐकू येत असतील, दिसायच्या मात्र अर्ध्याच. इंजिनिअरिंग आणि देखावा यांचं काम एकाच काटछेदात उरकलेलं. सपाट जमिनीवर उंचसखलपणाचा भास हवा तर टेकडी उभी करावी लागत नाही, रस्ता दोन पावलं खाली घेतला तरी पुरतं.

आता वळणांबद्दल. अहवालातला युक्तिवाद मानसशास्त्राचा आहे. सरळ रस्ता माणसाला पुढे पळायला लावतो, त्याच्या टोकाला कामधंदा असतो. संथ वळणाचा रस्ता सांगतो की इथे घाई नाही, निवांत चाला, विचार करा. पण नकाशावर डेस प्लेन्सचा ओघ पाहून मग रस्ते पाहिले की दुसरी गोष्ट लक्षात येते. नदीकाठचा रस्ता नदीच्या वळणाने जातो, त्याच्या मागचा त्याच्या वळणाने, आणि आत आत जाताना वळण विरत जातं. मधून रेल्वे मात्र सरळ जाते. रस्त्यांनी नदीचं ऐकलंय. पुढे ठिकठिकाणी सपाट माळावर, समोर काही नसताना, उगाच नागमोडी रस्ते काढले गेले. ज्याचं ऐकावं असं त्यांच्यासमोर कुणी नव्हतं.

असे रस्ते एकमेकांना मिळतात तिथे काटकोनी चौक होत नाही, त्रिकोण उरतो. हे त्रिकोण प्लॉटला जोडून विकता आले असते. ते विकले नाहीत. गावात असे लहानमोठे ४१ त्रिकोणी हिरवे तुकडे आहेत, गवत आणि दोनचार झाडं असलेले. मला इथे माझ्या स्वतःच्या सोसायटीचा लेआउट आठवतो. त्यातही ओपन स्पेस म्हणून त्रिकोण दाखवलाय: नाल्याच्या कडेला, ट्रान्सफॉर्मरच्या मागे, जिथे एकही प्लॉट बसत नव्हता तिथे. आकार तोच. आपल्या नियमांप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये साधारण १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती सोडली जाते, आणि टक्का भरला की कुणी विचारत नाही की दहा टक्के कुठले. रिव्हरसाइडमध्ये प्रश्न उलट्या टोकाकडून आला: सगळ्यात चांगली जागा कुठली? ती आधी बाजूला काढा.

घर तुमचं, रस्त्याचा देखावा सगळ्यांचा

व्हॉक्स आणि ओल्मस्टेड यांनी घरांच्या बाबतीत जो व्यवहारी समंजसपणा दाखवला तो मला फार आवडतो. लोक कशी घरं बांधतील यावर आपला ताबा चालणार नाही, हे त्यांनी अहवालात मान्य केलं. कुणी अगदी कुरूप घर बांधेल. बांधू दे. आपण एवढंच पाहायचं की रस्त्याने जाणाऱ्यावर ते लादलं जाऊ नये. म्हणून दोन साध्या अटी. घर रस्त्यापासून ठरावीक अंतर आत हवं. पुढे हे अंतर ३० फूट ठरलं. आणि प्रत्येक घरमालकाने घर आणि रस्ता यांच्यामध्ये एक-दोन जिवंत झाडं राखली पाहिजेत. शैलीचं बंधन नाही, रंगाचं नाही, कौलांचं नाही. झाड हवं, आणि ते जिवंत हवं. आपल्याकडेही वृक्षारोपणाच्या अटी असतात, पण त्या लावण्याच्या असतात. इथे शब्द राखण्याचा आहे, आणि ज्याने कधी रस्त्याकडेचं रोप दुसऱ्या उन्हाळ्यात वाळताना पाहिलंय त्याला या शब्दाची किंमत कळेल.

कुंपणांना त्यांचा विरोध होता. इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या वस्त्यांत उंच दगडी भिंतींमधून रस्ते जायचे. अहवालात त्या घरांची तुलना खाजगी वेड्यांच्या इस्पितळांशी केलीय. तरीही घराभोवती खाजगीपणा हवाच, असं ते म्हणतात. त्यांना हवं होतं ते दोन्ही: घरात कुटुंबाचं स्वतःचं जग, आणि दाराबाहेर पडताच सगळ्यांचं मिळून एक जग. गावभर पसरलेल्या सामायिक हिरवळी ही त्याची जागा. नदीकाठी स्वान पाँड आणि इंडियन गार्डन्स, आत स्कॉट्सवूड कॉमन, आणि गावाच्या मध्यातून जाणारं लाँग कॉमन. 'कॉमन' हा जुना इंग्रजी शब्द गावच्या सामायिक कुरणासाठीचा. आपल्या गायरानाच्या जवळचा. कुणाच्याही सातबाऱ्यावर नसलेली आणि म्हणून सगळ्यांची असलेली जमीन.

रस्त्यांची नावंही सांगण्यासारखी आहेत. नटॉल, मिशो, बारट्रॅम: अमेरिकेतल्या झाडांचा शोध घेत रानोमाळ हिंडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. रेप्टन, शेनस्टोन, युव्हडेल: इंग्लंडमध्ये बागेची आणि भूदृश्याची कला घडवणारे लोक. सेनापती नाहीत, पुढारी नाहीत.

गणित काय होतं

कंपनीच्या हिशेबात १,६०० एकरांपैकी सुमारे ७०० एकर रस्ते, त्यांच्या हिरव्या कडा, पायवाटा, बागा आणि कॉमन यांच्यासाठी होते. म्हणजे जवळपास ४४ टक्के. यात रस्ते धरलेत, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही आकडा मोठाच आहे. वर झाडं: ३२,००० पानगळीची, ७,००० सदाहरित, आणि ४७,००० झुडपं लावल्याचं कंपनी सांगत होती. माळाचं रान करायला घेतलं होतं. त्यासोबत गॅसचे दिवे, नळाचं पाणी, पाण्याचा उंच मनोरा, नदीकाठचं हॉटेल.

हा खर्च प्लॉट विकायच्या आधीचा. प्लॉट साधारण १०० फूट रुंद आणि २०० फूट खोल, म्हणजे अठरा गुंठ्यांहून थोडा जास्त. शहरातल्या नेहमीच्या प्लॉटच्या सहापटीहून मोठा. घर किमान ३,००० डॉलरचं असावं आणि प्लॉट घेतल्यापासून वर्षात उभं राहावं अशी अट होती. त्या काळात शिकागोतल्या बिगारी मजुराला दिवसाला दीड-दोन डॉलर मिळत. खंदक खणणारा, खडी फोडणारा, ती हजारो झाडं लावणारा माणूस इथे राहायला येणार नव्हता, हे आराखड्यातच लिहिलेलं होतं. सार्वजनिक नदीकाठ हा त्याच्यासाठीही उघडा होता, पण काठापर्यंत यायला नऊ मैल होते.

हे अंतर कमी करायचा विचार मूळ आराखड्यात होता, आणि तो फसला. रेल्वेवरच अवलंबून राहू नये म्हणून शिकागोपासून रिव्हरसाइडपर्यंत झाडीतून जाणारा रुंद पार्कवे सुचवला होता: बग्ग्यांचा वेगळा मार्ग, घोडेस्वारांचा वेगळा, चालणाऱ्यांचा वेगळा, वाटेत विसावे आणि पाणी. संध्याकाळी शहरातून निघायचं आणि रस्ता हीच सहल. त्यासाठीची पट्टी कंपनी गुपचूप खरेदी करत होती. काम सुरू झालं, पण ठरल्याप्रमाणे पूर्ण कधीच झालं नाही. रिव्हरसाइडचा हा अर्धा विचार राहून गेला आणि त्यामुळे उरलेला अर्धा जास्त एकलकोंडा झाला. गावाला वेस नव्हती, पण वाटही एकच होती, आगगाडीची.

लाँग कॉमनवरचं घर

व्यवहारातली कच्ची कडी पहिल्यापासून दिसत होती. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांना मेहनतान्याचा मोठा भाग रोख न मिळता प्लॉटच्या रूपात मिळायचा होता. म्हणजे आराखडा काढणाराच त्या जमिनीच्या भावात अडकलेला. आपल्याकडेही आर्किटेक्टला फ्लॅट देऊन फी भागवतात, तसंच. ओल्मस्टेडला हा सट्टा आहे याची जाणीव होती, खाजगी पत्रांत त्याने ती बोलून दाखवली, आणि तरीही त्याने काम घेतलं. मला वाटतं, कोऱ्या माळावर सबंध गाव मांडून पाहायची संधी त्याला सोडवेना.

१८६९ च्या शरदात भांडण उघड झालं. चाइल्ड्सने स्वतःचं घर बांधायचं ठरवलं ते लाँग कॉमनमध्ये. सामायिक म्हणून राखलेल्या, नकाशावर हिरव्या रंगवलेल्या जागेत. कंपनीचा अध्यक्षच तो. त्याच्या नजरेतून पाहिलं तर गावातली सगळ्यात सुंदर जागा मोकळी पडलेली होती आणि एका घराने असं काय बिघडणार होतं?

ओल्मस्टेडने कडक विरोध केला. एक घर उठलं की कॉमन हे कॉमन राहत नाही, विकायची राहिलेली जागा होते. ज्यांनी प्लॉट घेतले त्यांनी ते नकाशावरची हिरवळ पाहून घेतले. ती हिरवळ त्यांनाही विकलेलीच होती, प्रत्येकाला थोडी थोडी. ती आता अध्यक्षाला एकट्याला देता येत नाही. नगररचनेत 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ इतक्या नेमकेपणाने फार क्वचित कसाला लागतो. बाहेरचा कुणी अतिक्रमण करतो तेव्हा बोलणं सोपं असतं. इथे ज्याने दानपत्र लिहिलं तोच त्यातून वाटा मागत होता.

पैशांचीही थकबाकी होती. १८७० मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी रिव्हरसाइडचं काम सोडलं. आराखड्याचा बराच भाग तेव्हा जमिनीवर उतरायचा होता. पुढची देखरेख विल्यम ले बॅरन जेनी आणि त्याच्या सहकाऱ्यांकडे आली. जेनीला आज जग ओळखतं ते गगनचुंबी इमारतींच्या लोखंडी सांगाड्यासाठी. पण रिव्हरसाइडचा १८७१ चा पाण्याचा मनोरा त्याचा, आणि तो स्वतः या गावात राहिला. सोडून गेलेल्यांच्या आराखड्याशी त्याने इमान राखलं. एखाद्या कामाचं भाग्य पुष्कळदा दुसऱ्या माणसावर ठरतं.

आग, मंदी आणि दिवाळं

८ ऑक्टोबर १८७१ ला शिकागोला आग लागली आणि दोन दिवस शहर जळत राहिलं. वरवर पाहता उपनगराला ही संधी वाटेल. झालं उलटं. जो पैसा बाहेर प्लॉटमध्ये गेला असता तो शहर पुन्हा उभं करण्यात गेला, विटा आणि गवंडी तिकडे खेचले गेले. दोन वर्षांनी, १८७३ मध्ये, देशभर मंदी आली. त्याच वर्षी, मूळ जमीनमालक डेव्हिड गेज, जो तोवर शिकागो शहराचा खजिनदार झाला होता, त्याच्या हिशेबात सुमारे ५ लाख डॉलरची तूट निघाली. रिव्हरसाइड इम्प्रूव्हमेंट कंपनी बुडाली. रस्ते होते, दिवे होते, झाडं लागलेली होती. घरं थोडीच होती.

या टप्प्यावर हे प्रकरण सहज वेगळ्या वाटेने गेलं असतं. दिवाळखोर कंपनीच्या नदीकाठच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. पण १८७५ मध्ये रहिवाशांनी रीतसर गाव स्थापन केलं, आणि रस्ते-हिरवळी सांभाळायला एक सार्वजनिक संस्था उभी राहिली. कंपनी गेली, तिने आखलेली सार्वजनिक जमीन गावाकडे राहिली. मला हे या प्रकरणाचं सगळ्यात शिकण्यासारखं वळण वाटतं, नकाशातल्या सगळ्या वळणांपेक्षा. ज्यांनी नकाशा पाहून प्लॉट घेतले होते, तेच आता हिरवळीचे राखणदार होते आणि त्यांचा स्वार्थ आणि गावाचं हित एकाच बाजूला होतं. ओल्मस्टेडने चाइल्ड्सला जे पटवायचा प्रयत्न केला ते त्यांना पटवावं लागलं नाही.

गाव भरायला पुढचं अर्धं शतक लागलं. मोठे प्लॉट पाडून छोटे झाले, काही भागांत मूळ रेषा बदलल्या. १९०८ च्या सुमारास वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने इथे कूनली कुटुंबाचं घर बांधलं. त्याच वेळचं लुई सलिव्हनचं बॅब्सन घर १९६० मध्ये पाडलं गेलं, त्याच्या मोठ्या आवाराचे प्लॉट झाले. एका श्रेष्ठ वास्तुकाराची कृती गेली, कारण ती खाजगी होती. रस्त्याच्या मधला चार झाडांचा त्रिकोण शिल्लक आहे.

१९७० मध्ये रिव्हरसाइडला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आज वस्ती ९,००० च्या थोडी पुढे. गॅसचे दिवे अजून लागतात. आणि लाँग कॉमन मोकळं आहे.

नदीचं मात्र सगळं आटोपलेलं नाही. गावालगत नदीवर जुना बंधारा होता. गिरणीसाठी १८२० च्या दशकात पहिला बांधला गेला, पुढे त्याची जागा हॉफमन धरणाने घेतली. त्यामागे पाणी तुंबायचं, गाळ साठायचा. २०१२ मध्ये तो काढला गेला आणि डेस प्लेन्स पुन्हा दगडांवरून खळाळत वाहू लागली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये तिला विक्रमी पूर आला. खालच्या अंगाच्या काही घरांत पाणी शिरलं, माणसं हलवावी लागली. आपल्याकडे नदीकाठच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखतात, आणि मग ती रेषा कुणाच्या प्लॉटमधून जाते यावर वर्षानुवर्षं दावे चालतात. रिव्हरसाइडमध्ये जिथे १८६८ चा विचार पुरता अंमलात आला तिथे दाव्याला जागाच नव्हती. स्वान पाँडची सगळी हिरवळ पाण्याखाली गेली, आणि तिथे बुडायला घर नव्हतं. पाणी उतरलं, गवतावर गाळ राहिला, आणि लोक पुन्हा काठाने चालायला लागले.